विसर्जनानंतरची सुरमई
विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पेट्यांचा वास आला की वर्सोव्यातली ती सकाळ आठवते. श्रावणापासून मासे सोडलेली मुंबई त्या दिवशी मासळीवर तुटून पडते, आणि भाऊ सांभाळायचा ती आमची मासळी विकायची वेबसाइट दरवर्षी नेमकी तेव्हाच बंद पडायची. मी सर्व्हर सांभाळायला कंपनी नेमली तर तो भडकला, “एवढ्या पैशांत नवं जाळं येईल गं!” मी म्हटलं, “मासे साफ करून द्यायचे आपण वेगळे पैसे घेतो ना? तसंच हे.” त्या सकाळी ऑर्डरींनी फोन जो वाजायला लागला! सुरमई संपली, कोलंबी संपली, साइट मात्र झकास चालू, ऑर्डरी येतच होत्या. “अगं, बंद कर ती!” बर्फात हात बुडवून भाऊ ओरडला आणि मी तिथेच नाचले. आता गणपती आले की तोच आधी विचारतो, “कंपनीचे पैसे भरलेस ना?”