वॉरंटच्या आधी पोचणारा निरोप

पोटगीचा आदेश शहापूरच्या कोर्टातून निघाला तेव्हा वाटलं, काम झालं. सुरुवातीला लेकीच्या बापाकडून पैसे आले, मग बंद. तिचं कल्याणला नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं आणि फी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नव्हते. थकबाकीसाठी अर्ज केला, वॉरंट निघालं. ते बजावायला गाडी मीच ठरवली. मुरबाडकडच्या त्याच्या गावचा रस्ता, घर, मागचं दार, सगळं कागदावर काढून हवालदारांना दिलं.

घराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा गेलो तरी कुलूपच. ओटीवरचा टॉवेल मात्र ओला होता.

कुणीतरी आधी निरोप पोचवत होतं. पहिला संशय वकिलांवर आला, कारण ते दोन्हीकडच्या लोकांशी हसून बोलायचे. मग हवालदारांवर. गाडीत बसले की त्यांची नजर मोबाईलवर. मग माझ्या भावावर, कारण वीटभट्टीच्या कामात त्याची आणि लेकीच्या बापाची अजून गाठ पडायची.

तिसऱ्या वेळी मी त्याच्या घरच्या हळदीचा दिवस धरला. सख्ख्या पुतण्याची हळद चुकवणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. वकिलांना कळवलं नाही, भावाला नाही. हवालदारांना कुठे जायचंय ते गाडी सुटल्यावर सांगितलं.

"मोबाईल खिशात ठेवा, साहेब."

"बाई, माझ्यावर पण संशय?"

"सगळ्यांवर."

हवालदारांना वेशीवर थांबवून मी मांडवात शिरले. माझी जुनी जाऊ हळदीचं ताट घेऊन उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हलदीला आलीस गो, का धरपकडीला?"

"कुठे आहे तो?"

"आताच उठला. फोन आला नि पाठच्या दारानं गेला. ताट बघ, तसंच हाय."

परतीच्या वाटेवर मी एकेकाला वगळत गेले. वकिलांना ठाऊक नव्हतं, भावाला नव्हतं, हवालदारांचा मोबाईल खिशातून निघाला नव्हता. उरलं एकच माणूस. घराबाहेर पडताना कुठे चालले आणि कशाला, हे सांगून निघायची मला लहानपणापासूनची सवय.

आसनगावच्या घरी आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"फोन तू केलास?"

तिने मान वर केली नाही. "मंग काय करू? मांडवातनं पोलीस जावयाला धरून नेनार, नि ते सगलं गाव बघनार?"

"जावई नाही तो आता."

"पोरीचा बाप तर हाय ना? बाप जेलात गेला तर उद्या तिला मागनी कोन घालंल? आनि तो काय पलून नाय गेला. उंबरमालीला बहिनीकडं जाऊन बसतो, दोन दिसांनी येतो."

मी पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी वकिलांना गाठून वॉरंटसाठी उंबरमाळीचा पत्ता द्यायला सांगितलं.

नवं वॉरंट हातात पडल्यावर सकाळी निघताना दारातून म्हणाले, "आई, मुरबाडला चालले, पोलीस घेऊन." गाडी मात्र कसाऱ्याच्या दिशेने, उंबरमाळीकडे वळवली.

तो बहिणीच्या ओटीवर भाकरी खात बसला होता. पळाला नाही. हात धुतले, शर्ट चढवला आणि गाडीत बसताना मला विचारलं, "सासूबाईंनी सांगितलं?"

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

जेलचं नाव निघताच त्याने कोर्टात निम्मी थकबाकी त्याच दिवशी भरली आणि उरलेली हप्त्यांनी द्यायचं कबूल केलं. लेक परीक्षेला बसली. त्यानंतर त्याने माझ्या आईचा फोन कधी उचलला नाही.

मी अजूनही निघताना गावाचं नाव सांगते. आई "बरं" म्हणते आणि सुपातले खडे वेचत राहते. गाडी कुठल्या बाजूला वळते, ते बघायला खिडकीशी येते, हे मला मागे न बघताही कळतं.