खांबेटे सरांची कॉर्ड

यज्ञेश्वर खांबेटे यांना गिटारमधलं सगळं येतं, फक्त गाणं वाजवता येत नाही. हे मी रागाने म्हणत नाही. त्यांच्या सदाशिव पेठेतल्या क्लासात मी काही वर्षं काढली आहेत, त्या अधिकाराने म्हणतो.

विमा कंपनीतली नोकरी सोडून सरांनी बायकोच्या, कल्याणीताईंच्या, दवाखान्यावरच्या खोलीत जॅझ गिटारचा क्लास काढला. ताई खाली लोकांचे दात काढायच्या, सर वर आमचे. गायकांना साथ करणाऱ्या तमाम गिटारवाल्यांना ते ‘तीन कॉर्डवाले’ म्हणत. शहरात आपल्याखेरीज कोणाला कॉर्ड कळते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

ते शिकवत कॉर्ड मेलडी. म्हणजे एकाच गिटारवर गाण्याची चालही वाजवायची आणि तिच्याखाली साथीच्या कॉर्डही, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार स्वर. त्यासाठी चालीचा स्वर कॉर्डमध्ये सगळ्यांत वर ऐकू यायला हवा. मग कॉर्डचे तेच स्वर वेगळ्या क्रमाने रचायचे, खालचा उचलून वर ठेवायचा. याला म्हणतात इन्व्हर्जन. हे आम्हाला सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं आणि बहुधा त्याच दिवशी ते स्वतः विसरले. त्यांना ती उलटापालट इतकी प्रिय की ज्या स्वरासाठी ती करायची, तोच बिचारा मधल्या तारांत गुदमरून जाई.

तेजस्विनी भापकर मांजरी गावाहून स्कूटरवर क्लासला यायची. आयटीतली नोकरी, बोलणं कमी. तिने घरातल्या बायका म्हणतात ते भोंडल्याचं एक गाणं गिटारवर बसवायला घेतलं. चाल सगळ्यांत बारीक तारेवर, खाली दोन-तीनच स्वर. चाल खाली उतरली की कॉर्डही अलगद वळायची. क्लासात तिने ते वाजवलं तेव्हा आम्ही आपापल्या गिटारी खाली ठेवल्या.

“बाळबोध आहे,” सर म्हणाले. “बारशाला वाजव.”

तरीही वार्षिक कार्यक्रमात तिने तेच वाजवलं. टिळक रस्त्यालगतचा छोटा हॉल, मागच्या रांगांत तिचं अख्खं माहेर. दुसऱ्या कडव्याला बायका गुणगुणायला लागल्या. पहिल्या रांगेत सर मात्र खुर्चीत ढेकूण असल्यासारखे चुळबुळत होते. शेवटी ते उठले आणि थेट मंचावर गेले.

“थांब, थांब. मंडळी, ही झाली सोपी आवृत्ती. आता खरं व्हॉइसिंग ऐका, स्वरांची खरी मांडणी.” आणि त्यांनी हात पुढे केला.

मोठ्यांनी हात पुढे केला की वस्तू द्यायची, अशा वळणात वाढलेली पोरगी. तिने गिटार दिली.

सर वाजवू लागले. बोटं कोळ्यासारखी फाकली, कॉर्डमागून कॉर्ड आली, प्रत्येक आधीच्यापेक्षा अवघड. चाल कुठे गेली ते कोणालाच कळेना. गुणगुणणं चाचपडलं आणि थांबलं. माझ्या मागे तेजस्विनीच्या आत्याने विचारलं, “अजून तारा जुळवत्यात का?”

“नाही, वाजवतायत,” कोणीतरी सांगितलं.

लोक हसले. सरांना ते दाद दिल्यासारखं वाटलं असावं, कारण ते आणखी जोरात वाजवू लागले. तेजस्विनीचे कान लाल झाले होते.

“सर, गिटार द्या.”

“एक मिनिट, हे पुढचं इन्व्हर्जन बघ.”

“गाणं ऐकू येत नाहीये, सर. आणि गिटार माझी आहे.”

तिने ती त्यांच्या हातांतून काढून घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सर तिथेच उभे, डाव्या हाताने हवेत कुठलीतरी कॉर्ड धरून. दुसऱ्या रांगेतून कल्याणीताईंचा आवाज आला, “अहो, खाली या.”

तेजस्विनीने क्लास सोडला, पाठोपाठ आम्हीही. पुण्याचा कान अजून तयार नाही, असं सर दवाखान्यातल्या पेशंटना सांगू लागले. तोंड उघडून बसलेली माणसं, उलट बोलणार कशी?

मागच्या महिन्यात कोथरूडला तिचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. सरांना तिने स्वतः जाऊन बोलावलं. एवढं मोठं मन मला जमलं नसतं. सर आले, पहिल्या रांगेत बसले आणि पूर्ण वेळ तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. शेवटच्या गाण्याला हॉलमधल्या अर्ध्या लोकांचे डोळे भरले होते. सर बोटं मोजत होते.

नंतर ती त्यांच्या पाया पडली. “कसं वाटलं, सर?”

“दुसऱ्या ओळीत सेकंड इन्व्हर्जन घेतलंस. तिथे फर्स्ट चाललं असतं.”

“आणि गाणं?”

सर खरोखरच गोंधळले. “कुठलं गाणं?”

ती हसली, “चहा घेऊन जा हं,” म्हणाली आणि मागे थांबलेल्या माणसांकडे वळली. सरांनी चहा घेतला, चहा देणाऱ्याला साखर जास्त असल्याचं सुनावलं आणि रिक्षा शोधत बाहेर पडले.