पातळ टायर

सायकलला कोणते टायर घालावेत यावर एखादा धडधाकट माणूस तीन आठवडे डोकं शिणवू शकतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात पांढरकवड्यात मी तेच करत होतो. जेवताना करत होतो, आंघोळीला पाणी तापेपर्यंत करत होतो. मुळात मी एका जागी बसणारा नाही. बायको म्हणायची, यांच्या पायाला भिंगरी आहे आणि डोक्यालाही.

मी मलेरिया खात्यात होतो. काम साधं होतं. सायकलवर गावोगाव फिरायचं, ताप आलेल्याचं बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि आल्याची तारीख घराच्या भिंतीवर गेरूनं लिहायची. माझ्या वाट्याला डोंगराकडची गावं आणि कोलाम आदिवासींची पोडं होती. पोड म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती, आणि तिथे जाणारी वाट मुरूम, नाले आणि बाभळीचे काटे यांनीच बनलेली. त्या वाटेसाठी माझ्या सायकलला जाड रबराचे, खोल नक्षीचे टायर होते. काटा त्यांच्यापुढे हात टेकायचा. मात्र सपाट डांबरावर तीच सायकल चालवली की पाठीवर पोतं घेतल्यागत वाटायचं.

आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानावर सायकलची शर्यत असायची. नुसती सरळ पळण्याची नाही. चुन्यानं आखलेली वाट, वळणावळणावर रिकामे डबे, डब्याला धक्का लागला की बाद. पाच फेऱ्या. आदल्या वर्षी तारा वाटत सायकलवर फिरणाऱ्या पोस्टाच्या तारवाल्यानं मला शेवटच्या वळणावर मागे टाकलं होतं, आणि चहाच्या टपरीवर वर्षभर माझी टर उडवली जात होती. ते मी सोसलं असतं. न सोसणारी गोष्ट निराळी होती. त्या मैदानावर माझ्या बापानं उमेदीची वर्षं कापसाच्या गाठी उचलण्यात घालवली होती. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, ओझी वाहणं सोडलं, पण त्या मैदानावरच्या मंचावर आमच्यापैकी कुणी कधी चढलं नव्हतं. मला चढायचं होतं. बाप समोर बसलेला असताना चढायचं होतं.

सायकल दुरुस्तीवाले मिस्त्री म्हातारे होते, जिभेनं तिखट. त्यांनी नागपूरहून पातळ टायरांची एक जोडी मागवून ठेवली होती. मी रोज जाऊन ती हातात घ्यायचो, अंगठ्यानं दाबायचो आणि परत खुंटीला अडकवायचो. एक दिवस पुढे पातळ, मागे जाड असं करून पाहिलं. सायकल वळायला चपळ झाली, पण मागचं चाक ओढत न्यावं लागायचं. मग उलट केलं, तर वळणावर पुढचं चाक हट्ट करायला लागलं. मैदानाची जमीन टणक काळी, वर पिठासारखी धूळ आणि त्या धुळीत सांडलेली सरकी. चाकाखाली सरकी आली की सायकल आपोआप आडवी जाते. म्हणून हवा जरा कमी ठेवावी, तर फेरीत मध्येच लागणाऱ्या डांबरी तुकड्यावर वेग जातो. माझं हे पुराण ऐकून मिस्त्री एकदा कावले आणि म्हणाले, "एका टायरानं दोन्ही काम नाही होत, भाऊ. शर्यत पळ, नाही तं पोडात फिर. ठरव अन् माह्या डोक्यावरून उठ."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कोरा टायर निसरडा असतो. शर्यतीआधी तो निदान एक दिवस डांबरावर झिजवायला हवा, नाहीतर पहिल्याच वळणावर तोंडघशी पडशील. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी टायर चढवायचे आणि शनिवारी हैदराबादच्या सडकेवर दिवसभर झिजवायचे. हिशेब बरोबर जमत होता. फक्त एक अडचण होती.

चार कोसांवरच्या एका पोडाच्या नाईकाच्या, म्हणजे तिथल्या प्रमुखाच्या, रक्तात मलेरिया निघाला होता. त्याला पाच दिवस रोज एक खुराक द्यायचा होता. बुधवारी सुरू केलेला, म्हणून रविवारी संपणार होता. नियम असा की गोळी आमच्या देखत गिळवायची, कारण कडू म्हणून लोक ती थुंकून टाकायचे. मी या बाबतीत जरा हुशारी केली होती. नियम-बियम सांगत बसण्यापेक्षा मी सगळ्या पोडांत सांगून ठेवलं होतं की माझ्या नजरेसमोर घेतली तरच गोळी लागू पडते. लोकांना ते पटलं होतं. साठीचा नाईक तर गोळी जिभेवर ठेवून आधी माझ्याकडे पाहायचा, मगच पाणी प्यायचा. मला त्याची गंमत वाटायची.

पातळ टायरांवर त्या वाटेनं जाणं म्हणजे पहिल्याच नाल्यात ट्यूबची चाळण. म्हणून शुक्रवारी मी जाड टायरांवर गेलो, त्या दिवसाची गोळी त्याला दिली आणि उरलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या त्याच्या हातात ठेवल्या. उद्या एक, परवा एक, जेवल्यावर. त्यानं मान हलवली. जाता जाता मी गेरूनं शनिवार-रविवारच्या तारखाही भिंतीवर लिहून टाकल्या. तपासणीला साहेब आलाच तर सगळं जागच्या जागी असावं.

घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "शर्यत तुमची अन् ताप त्या बुढ्याचा. त्याले कायले अडकवून राह्यले?" मी म्हटलं, दोन गोळ्या गिळायला काय अक्कल लागते. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पण तिचा प्रश्न मला टोचत राहिला. शनिवारी दिवसभर सडकेवर टायर झिजवताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. दोनदा तर पोडाकडे फुटणाऱ्या वाटेपाशी उतरून उभा राहिलो. दोन्ही वेळा टायरांकडे पाहिलं आणि माघारी वळलो.

रविवारी मैदान भरलं होतं. बाप पुढच्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात. सायकल माझ्या मनासारखी पळत होती. मिस्त्रींनी हवा अशी नेमकी ठेवली होती की धुळीतही चाक घसरत नव्हतं. दुसऱ्या फेरीला तारवाला मागे पडला. तिसऱ्या फेरीत जिनिंगच्या भिंतीकडच्या वळणावर दोरीच्या पलीकडे मला नाईक दिसला. एक हात वर केलेला, मूठ बंद. मला वाटलं, बाजाराला आला असेल. पुढच्या डब्यापाशी आठवलं, आज बाजार नाही.

चौथ्या फेरीत तो तिथेच होता, हात तसाच. मी थांबलो नाही. आता खोटं बोलून काय मिळवायचं? त्याला ओळखलं होतं, तो का आला तेही कळलं होतं, तरी मी पायडल मारत राहिलो आणि पाचव्या फेरीत त्या वळणावर मान दुसरीकडे वळवली. शर्यत मी जिंकलो. मंचावर चढलो, गळ्यात हार पडला, बापानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. ज्यासाठी जीव टाकला होता ते सगळं मिळालं, आणि माझी नजर मात्र जिनिंगच्या भिंतीकडे.

मी खाली उतरलो तेव्हा तो मंचाच्या पायरीशी येऊन उभा होता. ओठ सुकलेले, पिंडऱ्यांपर्यंत धूळ. चार कोस चालत आला होता, अंगात पुन्हा ताप होता, ते हात लावताच कळलं. त्यानं मूठ उघडली. गोळ्या दोन होत्या. शनिवारचीही.

मी चिडून विचारलं, घेतली का नाही. माझा आवाज इतका चढला की आजूबाजूचे बघायला लागले. तो शांतपणे म्हणाला, "काल तू आला नाई, डाक्तर. तुह्या नजरेबिगर गोई लागू नाई पडत. तूच सांगतलं ना."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी कुणाकडून तरी तांब्याभर पाणी आणि दोन घास भाकरी मागून घेतली. त्यानं खाल्लं, एक गोळी जिभेवर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि गिळली. मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवली, आत काही उरलं नाही म्हणून. हार गळ्यात असलेला मी भर मैदानात त्या म्हाताऱ्याच्या तोंडात डोकावून पाहत होतो, आणि पुढच्या रांगेतून बाप ते बघत होता. दुसरी गोळी मी काढून घेतली. कसंबसं सांगितलं की मधला दिवस चुकला, आता पाच दिवस पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागतील. चूक माझी आहे, असंही म्हणालो. ते त्याच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे.

पाच बोटं मोजून त्यानं विचारलं, "मंग उद्या कुठी येऊ?"

त्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. मी सांगितलं असतं तर तो तापातच आणखी चार कोस चालत आला असता.