नुसती फुएर्सा

रुदेसिंदामावशीच्या घराखालचा कडा समुद्र खात होता. घर लाकडी. ओंडक्यांवर चढवून बैलांनी वरच्या माळावर ओढलं की वाचणार होतं. चिलोए बेटावर आमची घरं अशीच हलतात. त्याला मिंगा म्हणतात, तुमच्याकडची इर्जिकच ती. घरमालकाने दारोदार विनवायचं, आलेल्यांना पोटभर जेवू घालायचं. मजुरी कोणी घेत नाही.

मावशी जन्मभर दुसऱ्यांच्या मिंगाला राबली. दोर ओढताना पुरुषांच्या बरोबरीने ‘फुएर्सा’ ओरडायची. फुएर्सा म्हणजे बळ. दोराला हात असेल तरच तो शब्द तोंडात घ्यायची रीत होती. आता तो शिंकेसारखा झालाय, कोणाच्याही नाकातून निघतो.

मावशी विनवायला गेली. बेलार्मिनो बार्रियाचं घर तिने स्वतः ओढलेलं. त्याने दारातूनच छातीवर हात ठेवला.

“फुएर्सा, मावशी. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.”

“पाठीशी काय करतोस? दोर पुढे असतो, पुढे ये.”

मेला नुसता हसला.

ठरल्या दिवशी तिने मेंढा कापला. बैलांच्या दोनच जोड्या आल्या, एक माझी, एक म्हाताऱ्या एलिसेओची. बाकी गाव कुंपणावर बसून, फोन उगारून ‘फुएर्सा, फुएर्सा’ करत होतं. घर तसूभर हललं नाही. मेंढ्याचा मात्र फडशा पडला. बेलार्मिनोने मिटक्या मारत दुसऱ्यांदा ताट पुढे केलं, तेव्हा मला किळस आली. मावशीने वाढलं. रीत आहे म्हणाली.

पुढच्या वादळात घर समुद्रात गेलं. मावशी आपली डुकरीण घेऊन माझ्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला आली.

रविवारी तीच मंडळी नटूनथटून हजर. हातात भलामोठा प्लास्टिकचा बॅनर, ‘फुएर्सा, रुदेसिंदा’. फोटो काढायचा होता.

“मावशी, तू मध्ये उभी राहा,” बेलार्मिनो म्हणाला.

मावशीने प्लास्टिक बोटांत चोळून पाहिलं. “पाणी झिरपतं का रे यातून?”

“छे, पक्कं आहे.”

तिने बॅनर त्यांच्या हातांतून काढून घेतला, उलटा केला आणि डुकरिणीच्या खुराड्यावर अंथरला. कोपरे बांधू लागली. सगळे बघत राहिले.

“अगं मावशी, त्याच्यावर तुझं नाव आहे,” बेलार्मिनो म्हणाला.

“म्हणून तर अक्षरं खाली केली,” गाठ आवळत मावशी म्हणाली. “माझं नाव त्या शब्दाशेजारी बघायची लाज वाटते.”