कागदी मोहल्ल्याचा हौद

नदीकाठच्या गावात बातमीदारी केली की किस्से गाळासारखे साचतात. बातमी छापून संपते, हे संपत नाहीत. आमच्या हौदाचे तर गळ्याशी आलेत.

जुन्नर तालुक्यातलं हे कुकडीकाठचं बाजारगाव. कागदी मोहल्ल्यात एकेकाळी हातकागद व्हायचा. चिंध्या कुटून केलेला लगदा दगडी हौदात घोळायचे. कागद गेला, हौद उरला. बाजाराला येणारे त्यात मेथी-कोथिंबीर धुवायचे. सुशोभीकरण समितीला तिथं पार्किंग हवं होतं.

*

हौदाच्या काठावर चढताना चपला खाली काढायच्या, हा मोहल्ल्याचा रिवाज. समितीचे इंजिनिअर बुटांसकट चढले. मोहल्ल्यातले शेवटचे कागद करणारे रशीदचाचा म्हणाले, "सायेब, बूट खाली. लगद्यात माती जाती."

"चाचा, लगदा आहेच कुठं?"

"न्हाई म्हणून माती घालायची व्हय?"

*

समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "मोहल्ल्यात कसला आलाय इतिहास? इतिहास वरच्या आळीत."

मी म्हणालो, "वरच्या आळीतल्या पोथ्या कशावर लिहिल्यात?"

"तुमी चहा घ्या, राव."

चहा मी घेतला नाही. बातमी दिली. हौद पाडायचा तो पाडलाच.

*

पाडायला जेसीबी आला तेव्हा निमगाव साव्याच्या भाजीवाल्या मावशी काठावर मेथी धूत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, उठा. वरनं आर्डर हाय."

"थांब की. ही जुडी सांच्याला तुझ्याच घरी जायची."

त्यानं इंजिन बंद केलं. सगळी मेथी धुऊन होईपर्यंत तो खाली मान घालून बसला. या गावात माणसापुढं लाज वाटलेला सरकारी कामावरचा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

*

मग समितीला जाग आली: पार्किंग झालं, पण पर्यटकांनी बघायचं काय? शेजारच्या बागेत सिमेंटचा हौद बांधला. निळी टाइल, वर पाटी: 'प्राचीन कागद-हौद'. खरा पाडून खोट्यासाठी गाड्या लावायची सोय!

अध्यक्षांनी चाचांना नेऊन दाखवला. "हुबेहूब झालाय ना?"

"झालाय की. तुमच्या न्हाणीघरासारखा."

*

पार्किंगच्या उद्घाटनाला अध्यक्षांची गाडी फाटकाशी येऊन थांबली. समोर आडव्या रांगेत चपला. आत, हौद होता त्या जागी, तापलेल्या डांबरावर अख्खा मोहल्ला अनवाणी उभा. मावशी होत्या. जेसीबीवालाही होता.

अध्यक्षांनी काच खाली केली. "कुणाच्या चपला ह्या? उचला."



ते उतरले. चपलांवरून पलीकडे जायला पाय उचलला.

आतून चाचा म्हणाले, "सायेब, बूट खाली."