पायरीवर बसलेला माणूस

मोहाच्या फुलांचा वास दुरून गोड वाटतो आणि जवळ गेल्यावर अंगावर येतो. फाल्गुनातल्या त्या संध्याकाळी आम्ही झाडावरच्या लाकडी खोलीत पाऊल ठेवलं, तेव्हा तो वास आमच्या आधीच तिथे येऊन बसला होता. फळ्यांच्या फटींत, बांबूच्या कुडात, पांढऱ्या चादरींच्या घड्यांत. आंबूस, पिकलेला, किंचित मादक. बोईसरला तीसेक वर्षं राहिल्यावर नाक वासांना सरावतं. सालवडच्या आमच्या गच्चीवर उभं राहून वारा कुठून येतोय हे मी डोळे मिटून सांगू शकते. एक वारा खाडीकडून सुकत्या मासळीचा वास घेऊन येतो, आणि दुसरा कारखान्यांकडून, जिभेवर धातूसारखा उतरणारा. हा वास मात्र अनोळखी होता, आणि अनोळखी वासात माणूस उगाच सावध होतो. की मी आधीपासूनच सावध होते, आणि वासाला फक्त निमित्त करत होते, कोण जाणे.

माझे पती सदाशिव जानेवारीअखेर निवृत्त झाले. एका कारखान्याच्या बॉयलर विभागात त्यांनी उभं आयुष्य काढलं. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी, असं आठवड्यागणिक फिरणारं आयुष्य. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळासोबत एक पाकीट दिलं. मनोरच्या पुढे, विक्रमगडच्या वाटेवर डोंगरात आत, झाडावरच्या घरात दोघांचा एक रात्रीचा मुक्काम आणि उघड्या जीपमधून जंगलाची फेरी. पाकीट महिनाभर देवघराशेजारी पडून होतं. शेवटी ते म्हणाले, "गावाला जायच्या आधी जाऊन येऊ. मग कुठलं होतंय."

गावाला जायच्या आधी. त्यांच्या बोलण्यात हे शब्द आता स्वल्पविरामासारखे येत होते. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांनी नवं घर बांधून घेतलं होतं, अक्षय्य तृतीयेला तिथे राहायला जायचं ठरवलं होतं, आणि सालवडचा फ्लॅट द्यायचा शब्दही एका ओळखीच्या कुटुंबाला दिला होता. हे सगळं त्यांनी ठरवलं आणि मला सांगितलं. आमच्या घरात ठरवण्याची आणि सांगण्याची रीत तीच होती आणि तिच्याविषयी मी कधी तक्रार केली नव्हती. पण पंधरा दिवसांपूर्वी मीही एक गोष्ट ठरवली होती, आणि ती सांगितली नव्हती.

मी सालवडच्या एका लहानशा शाळेत शिकवते. बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, ओडिशातून कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं तिथे येतात. पहिल्या दिवशी त्यांतल्या बऱ्याच जणांना 'ळ' म्हणता येत नाही, आणि दिवाळीपर्यंत ती माझ्याशी भांडायलाही मराठीत लागतात. या शाळेच्या मुख्याध्यापिकेची जागा जूनपासून मी सांभाळावी अशी विचारणा झाली, आणि घरी विचारून सांगते असं म्हणायच्या ऐवजी मी तिथल्या तिथे होकाराच्या कागदावर सही केली. सही करताना काही वाटलं नाही. धास्ती नंतर सुरू झाली, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, आणि सर्वांत जास्त, ते नव्या घराच्या ओट्याला कोणती फरशी बसवावी याचे फोटो मला दाखवत असताना.

जंगलाची फेरी सूर्य कलल्यावर निघाली. रूपजी नावाचे पन्नाशीचे वारली गृहस्थ जीपच्या पुढच्या कडेला उभे राहून वाट दाखवत होते. पाणगळीनं साग उघडे पडले होते आणि त्यांच्या मोठमोठ्या वाळक्या पानांवरून जीप जाताना पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. मधेच एखादा पळस, निष्पर्ण अंगावर केशरी पेटलेला. मधेच कुसुंबाची कोवळी लाल पालवी, जिच्यातून तिरपा प्रकाश झिरपत होता. एक रानकोंबडा वाट ओलांडून गेला. ओढ्याच्या कोरड्या रेतीत रूपजींनी जीप थांबवली आणि उतरून बोटानं एक ठसा दाखवला.

"वाघ गेलाय. सकाळचाच हाय."

"बिबट्या ना?" सदाशिवनी विचारलं.

"तुमी बिबट्या बोला. आमचा वाघच."

ते हसले, आणि ठशावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून परत आले. त्या वळशात भय नव्हतं. शेजाऱ्याच्या अंगणातून जाताना आपण रांगोळी चुकवतो, तसं काहीतरी होतं. सदाशिव त्या ठशाकडे पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. आता सांगावं. पुढच्या वळणानंतर सांगावं. माणसं नसताना सांगावं. अशी वळणं संपत गेली आणि अंधार झाला.

जेवण रूपजींच्या पत्नीनं, लखमीबाईंनी रांधलं होतं. तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, सुक्या बोंबलाची चटणी. त्या वाढता वाढता बोलत होत्या. त्यांची लेक आणि जावई दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले, शिमग्याला येणार होते. पाडा सध्या अर्धा रिकामा होता आणि सगळे त्या एका सणाकडे डोळे लावून होते. निघताना रूपजींनी आमच्या हाती एक शिट्टी दिली.

"रातचा खाली उतरायचा नाय. खाली पाणी हाय, जनावर येतं. काय लागला तर ही वाजवा, मी येतो."

वर आल्यावर सदाशिव लगेच आडवे झाले. मी बराच वेळ छताच्या गवतातली सळसळ ऐकत राहिले. खोली ज्या जुन्या आंब्यावर होती त्याला वारा लागला की ती अगदी सूक्ष्म हलायची, जमिनीची सवय असलेल्या देहाला जाणवेल न जाणवेल इतकीच, आणि त्या हलण्यात माझी जुळवलेली वाक्यं पुन्हा विस्कटून जायची. केव्हातरी डोळा लागला असावा.

जाग आली ती भुंकण्यानं. कुत्र्याचं भुंकणं नव्हतं ते. एकेरी, खरखरीत, श्वास फाटल्यासारखं. संध्याकाळीच रूपजींनी सांगितलं होतं, भेकर, ते लहान हरीण, असं ओरडलं की जवळपास वाघ आहे असं समजायचं. मी शेजारी हात नेला. चादर थंड होती. दाराची कडी निघालेली होती.

सज्ज्यावर आले. पहाटेच्या आधीचं ते फिकट, उतरतं चांदणं, ज्यात रंग नसतात, फक्त वस्तूंचे आकार असतात. खाली पाणवठ्याचा तुकडा पत्र्यासारखा चमकत होता. आणि जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर, गुडघ्यांवर हात ठेवून, सदाशिव बसले होते. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण पाण्यापलीकडच्या सावलीतला एक भाग सावलीपासून सुटा झाला होता. तो पाण्यापाशी आला, पुढचे पाय वाकवून खाली झाला, आणि पिऊ लागला. पाणी पिण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. घरातल्या मांजरासारखाच आवाज, फक्त मोठा, सावकाश.

त्यांच्यात आणि त्याच्यात वीस-पंचवीस पावलांचं अंतर असेल. सदाशिव हलत नव्हते. शिट्टी माझ्या मुठीत होती, ती मी केव्हा उचलली आठवत नाही. वाजवली तर ते जनावर पळून जाईल, किंवा बिथरून नेमकं त्यांच्याच दिशेनं झेपावेल. नाही वाजवली तर? ओठांशी नेलेला हात मी दोनदा खाली घेतला. आयुष्यात इतकी गप्प मी कधी उभी राहिले नव्हते. गप्प राहण्याचा सराव मला भरपूर आहे असं मी समजत होते, पण ते गप्प राहणं वेगळं होतं. त्यात आपण आपलं काहीतरी राखून ठेवत असतो. इथे राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या क्षणी मला शाळा आठवली नाही, गावचं घर आठवलं नाही. त्यांच्या मानेमागचे विरळ झालेले केस दिसत होते आणि त्यांना घाम आला असेल का, एवढीच काळजी होती.

जनावरानं मान वर केली. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. पाहिलं असंच मला वाटलं. मग वळून, कसलीही घाई न करता, आलं त्याच सावलीत ते मिसळून गेलं. भेकर आणखी एकदा ओरडलं, आता दुरून.

सदाशिव वर आले ते चारही हातापायांनी. मी त्यांना धरून आत घेतलं, कडी लावली, पाणी दिलं. पेला त्यांनी एका घोटात रिकामा केला.

"का उतरलात?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "सांगितलं होतं ना त्यांनी?"

"झोप येत नव्हती. ह्या वेळेला मी फेरी मारायचो प्लांटमध्ये. पाय आपोआप निघाले." मग म्हणाले, "खाली बसलो आणि विचार करत होतो. गावाला गेल्यावर ह्या वेळेला काय करायचं? तिथं मला कोण ओळखतंय आता, सुमन? माझ्या वयाचे निम्मे गेले, निम्मे पुण्यात. मी सगळ्यांना सांगून बसलोय जाणार म्हणून. आणि आता भीती वाटतेय."

चौतीस वर्षांच्या संसारात 'भीती' हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथम ऐकला. खरं म्हणजे तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन बसायला हवं होतं. पण मनात इतके दिवस कोंडलेलं वाक्य, चांगली वेळ आणि वाईट वेळ न पाहता, बाहेर पडलं.

"मी शाळेला होकार दिलाय. जूनपासून मुख्याध्यापिका म्हणून. सही केलीय."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"कधी?"

"पंधरा दिवस झाले."

"आणि मी ओट्याची फरशी दाखवत बसलो होतो तुला." ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तू म्हणालीस, करडी चांगली दिसेल."

 करडी चांगली दिसेल असं मी म्हटलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हे कसं समजावून सांगायचं? ते उशीला टेकून बसले, मी खाटेच्या दुसऱ्या कडेला, आणि कुडाच्या फटींतून उजेड आत यायला लागेपर्यंत आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो. पहिल्यांदा कोतवाल पक्षी बोलला, मग बुलबुल, मग सगळं रान एकदम बोलू लागलं.

सकाळी रूपजींनी पाण्याकाठचे ठसे पाहिले, जिन्यापाशी उमटलेल्या चपलांच्या खुणा पाहिल्या, आणि सदाशिवकडे पाहिलं.

"साहेब, तुमाला मी काय बोललो व्हतो?"

"चुकलं माझं," सदाशिव म्हणाले.

"वाघोबाच्या खिंडीतला देव हाय ना, पालघरच्या वाटेवर, तिथं नारळ द्या जाताना." एवढं बोलून ते कामाला लागले. त्यांच्या रागाचा आकार तेवढाच होता.

लखमीबाईंनी चहा आणला. मी विचारलं, तुम्हीही जायचात का भट्टीवर?

"तर. बारा वरसा गेली. इथं असला का तिकडचा काम दिसायचा, तिकडं असला का इथला घर. आता नाय जात, तरी दिवाळी झाली का बोचका बांधावासा वाटते." त्या हसल्या, आणि रिकामे कप उचलून गेल्या. त्यांनी मला काही शिकवायला ते सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. मी मात्र ते बोलणं वाटभर सोबत घेऊन आले.

बोईसरला जायला चिल्हार फाट्याची वाट सरळ पडते. तरी सदाशिवनी भाड्याच्या गाडीच्या चालकाला पालघरच्या बाजूनं घ्यायला सांगितलं. खिंडीत उतरून त्यांनी नारळ फोडला, प्रसादाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि पुन्हा गाडीत बसले. पुढे कोळगावची मोठमोठी सरकारी कार्यालयं मागे पडली, उन्हं चढली, आणि बेटेगावच्या आसपास रस्त्यावर पाळीला निघालेल्या माणसांची गर्दी लागली. खांद्याला डबे, पायात जड बूट, एकमेकांना हिंदीत हाका. सदाशिव काचेतून त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय हे मला सांगता आलं नसतं, आणि एवढ्या वर्षांत ते सांगता न येण्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

घरी आल्यावर मी माझी बाजू मांडायची तयारी केली. ती तयार होतीच. पंधरा दिवस मी तिला घोटत होते. ते नाही म्हणतील, मग मी मुलांबद्दल बोलेन. ते आवाज चढवतील, मग मी शांत राहीन. ते गावी एकटेच जातो म्हणतील, मग मी म्हणेन, जा, सुट्ट्यांत येईन. प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. त्यांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, गच्चीत खुर्ची ओढून बसले आणि मला हाक मारली. मी पदराला हात पुसत गेले.

"सुमन," ते म्हणाले, "मला काही सुचत नाहीये. जरा वेळ देशील?"

मी दाराच्या चौकटीत उभी होते. खाडीकडून वारा येत होता. घोटून ठेवलेल्या त्या सगळ्या उत्तरांतलं एकही या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. मी नुसती मान हलवली, आतून दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी बसले. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.