टोकं तासलेला साग

नववीत शाळा सोडून चंद्रपूरकडून पुण्यात आलो, तेव्हापासून टिंबर मार्केटातल्या एका वखारीत आहे. इथे साग म्हणजे बोटीतून येणारा. आमच्या बांधावरचा साग कोण विचारतो? तोडायची परवानगी काढा, वाहतुकीचा परवाना काढा. त्यापेक्षा परदेशी माल सोपा. पण डॉलर चढला, बाहेरच्या देशांनी ओंडके पाठवणं आवरतं घेतलं आणि वखार अर्धी रिकामी झाली. मालक म्हणाले, "तुमच्याकडे म्हणे साग गवतासारखा उगवतो. मग आणा की!"

मी एका दमात हो म्हणून बसलो! बाबांनी जन्मभर जपलेली झाडं होती ती. खेटे घालून परवानगी मिळाली, झाडं पडली, वनखात्याच्या माणसांनी प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर हातोड्याने ठसा उमटवला. ट्रक निघाला तसा मी वखारभर सांगत सुटलो.

दुपारी ड्रायव्हरचा फोन आला. ट्रक वनखात्याच्या नाक्यावर अडवलाय, ओंडक्यांवर ठसेच नाहीत.

मी बाबांना फोन लावला.

"अरे, माल पुण्याले चालला ना! टोकं मातीनं मळले होते. म्या करवतीनं कापून साफ केले. साजरं दिसाले पाह्यजे का नाही?"

ठसा नाही म्हणजे चोरीचा साग. ट्रक जप्त, बाबांवर गुन्हा. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, लाकूड मागवलं होतं. नवरी सजवायला कुणी सांगितली?"

पण आमच्याकडचे वनपाल भले निघाले. तोडलेल्या झाडाच्या खुंटावरही तोच ठसा मारलेला असतो. भर उन्हात ते बाबांसोबत बांधावर गेले, एकेक खुंट तपासला, मग नाक्यावर येऊन ओंडक्यांची मापं जुळवली आणि नवे ठसे मारले. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही. पण त्यांची आठवण आली की आजही मनातल्या मनात हात जोडतो.

ट्रक गल्लीत वळला तेव्हा मी चपला न घालताच धावलो. पहिला ओंडका करवतीवर चढला, आतून मधासारखा रंग निघाला आणि वखारभर आमच्या रानाचा वास! मालकांनी फळीवरून हात फिरवला. "बरा आहे. अजून असेल तर पाठवायला सांगा वडिलांना."

मी लगेच बाबांना कळवलं. ते हिरमुसलेच. "बरा? नुसता बरा?"

करवतीच्या आवाजात मी ओरडलो, "बाबा, पुण्यात याच्या वरचा शब्दच नाही!"